जाळ्याचा वाटा

देसलेबाई आमच्या शाळेत आल्या त्या पहिल्याच शनिवारी त्यांनी माझी खुर्ची पळवली. अक्षरशः उचलली, वर्गाच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर तिसरीतल्या जनीला बसवलं. स्वतः समोर चटईवर मांडी घातली आणि म्हणाल्या, "हां, बोल. या आठवड्यात माझं काय चुकलं?"

मी दारात उभा. डोळखांबच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतला पाडा, तिथली आमची दोन शिक्षकांची शाळा. त्यात मी मुख्याध्यापक, म्हणजे दोघांत आधी रुजू झालेला. शाळेत धड खुर्ची एकच होती आणि ती मिळवायला मी पंचायत समितीत किती खेटे घातले होते ते माझं मला ठाऊक. तिच्यावर ही शेंबडी पोर पाय हलवत बसलेली. माझं डोकंच फिरलं.

"बाई, हे काय चाललंय?"

"पंचायत," बाई म्हणाल्या. "बसा ना गुरुजी, चटईवर जागा आहे."

मी बसलो नाही. पण गेलोही नाही. जनी आधी लाजली, फ्रॉकचं टोक चावलं आणि मग एकदम म्हणाली, "बाई, तुमी फळ्याशी बोलता. आमच्याशी नाय." बाईंनी मान डोलावली. दुसऱ्या आठवड्यापासून त्या फळ्यावर लिहून झालं की खडू ठेवायच्या, पोरांकडे वळायच्या आणि मगच तोंड उघडायच्या. लगेच मागून गणपत ओरडला, "आनी गुरुजी लय वरडतात!" मी ओरडूनच म्हणालो, "मी कुठं ओरडतो?" सगळा वर्ग हसला. मला अजून वाटतं की त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

बाई धसईच्या. वडलांचं बाजारात दुकान, तांदूळ, कडधान्य, मीठमिरची. लहानपण सगळं गल्ल्याशेजारी गेलेलं, त्यामुळे आवाज बाजारी आणि सवयीही दुकानदाराच्या. खडू कायम उजव्या कानामागे खोचलेला. दुपारपर्यंत त्या बाजूचे केस पांढरे व्हायचे, आणि बालवाडीतल्या पोरांची ठाम समजूत होती की बाई एका बाजूनं म्हाताऱ्या आहेत. डबा त्या पहिल्या सुट्टीतच उघडायच्या आणि संपवायच्या. मग जेवणाच्या सुट्टीत पोरांच्या घोळक्यात जाऊन "काय आणलंय गो आज?" करत प्रत्येकाच्या डब्यातलं चाखायच्या. मी एकदा म्हणालो, बाई, हे बरं दिसत नाही. तर म्हणाल्या, "गिऱ्हाईक घरी काय खातं ते कळल्याशिवाय माझे बाबा दुकानात माल भरत नाहीत."

सगळ्याला त्यांचं हेच उत्तर. पोरं म्हणजे गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाईकाला विचारायचं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, दिवसातून शंभरदा ऐकू यायचं. पोरानं काहीही विचारलं, आभाळ निळं का, खेकडा तिरका का चालतो, तर बाई आधी कानामागचा खडू काढायच्या, भुवया वर करायच्या आणि म्हणायच्या, "मला काय ठाऊक? तू सांग." पोरगं सांगायचं. मग दुसरं सांगायचं. मग भांडण. त्या भांडणातून शेवटी धडा निघायचा, तोवर माझ्या बाजूच्या वर्गाचे पाढे बोंबललेले असायचे. आमच्या दोन वर्गांमध्ये एक प्लायवूडची फळी होती, तीही अर्ध्या उंचीची.

बाईंच्या चुका मात्र भरघोस असायच्या. पावसाळ्यात एकदा विज्ञानाच्या पुस्तकातल्या पालेभाज्यांच्या धड्यावर त्या वैतागल्या. पालक, मेथी, कोबी. "ह्या पोरांनी कोबी लग्नातच बघितला असेल," त्या म्हणाल्या, आणि फर्मान काढलं की उद्या प्रत्येकानं रानातली एक एक भाजी आणायची. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं हात हलवत आली. एकाकडेही पान नाही. बाई चिडल्या. चिडल्या म्हणजे काय, दुकानातून उधारीवाल्याला हाकलावं तसं बोलल्या. पोरं माना खाली घालून बसली.

शनिवारी खुर्चीवर परत जनी. म्हणाली, "बाई, नवी भाजी अजून देवाला दावली नाय. आमी कशी तोडू? आजा मारल."

बाई चटईवर पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "मग हे त्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"तुमी वरडत व्हता."

आठवडाभरानं पाड्यावर देवाचं झालं आणि सोमवारी शाळेत इतकी भाजी आली की माझ्या टेबलावर हजेरीपट ठेवायला जागा राहिली नाही. कुठली कच्ची खायची, कुठली दोनदा उकडायची, कुठली गुरं खातात पण माणसानं खाऊ नये, सगळं पोरांनी फळ्यावर लिहिलं. बाईंनी स्वतः एवढंच केलं की प्रत्येकाला विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? निम्म्यांनी आजीचं नाव घेतलं. मग दोन आज्या शाळेत आल्या, त्यांनी पोरांच्या चार चुका काढल्या आणि जाताना बाईंच्या चहात साखर कमी आहे असंही सांगितलं. मला त्या दिवशी मजा आली हे मी कबूल करतो. बाईंसमोर अर्थातच केलं नाही.

आता मासे.

भागाकार शिकवताना बाईंना वाटलं, पुस्तकातले लाडू कशाला? मासे घेऊ, पोरांना जवळचं वाटेल. आमच्या पाड्याखालून नदी जाते. दिवाळीच्या आधी पाणी उतरलं की खालच्या कोंडीत, डोहासारख्या साठलेल्या पाण्यात, सगळे मिळून जाळं लावतात, तो दिवस म्हणजे पाड्याचा सणच. म्हणून बाईंनी गणित केलं: सहा मित्रांनी चोवीस मासे पकडले, समान वाटले, तर प्रत्येकाला किती? गणितावर त्या इतक्या खूश झाल्या की केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळांच्या, चाचणीसाठी सगळ्या शिक्षकांकडून प्रश्न मागवले होते, त्यातही तेच पाठवून दिलं. उत्तर, चार.

आणि मग त्यांनी ते वर्गात घातलं. फळीपलीकडून मी ऐकत होतो.

"तीन," सगळा वर्ग म्हणाला.

"चार," बाई म्हणाल्या.

"तीन, बाई."

"अरे, सहा चोक चोवीस."

"त्ये बराबर हाय," जनी म्हणाली, "पन जाळ्याचा एक वाटा नाय का? ज्यानं जाळं आनलं त्याला जाळ्याचा वेगळा. आनी जो घरात पडून हाय, ज्याला येता आलं नाय, त्याचा एक. सहा आनी दोन, आठ वाटे. आठ त्रिक चोवीस."

मग खडूचा आवाज. मी फळीवरून डोकावलो तर बाईंनी चार पुसून तीन लिहिलं होतं आणि त्या फळ्याकडे बघत उभ्या होत्या.

"बाई," मी म्हणालो, "तुम्ही काय करताय?"

"शिकतेय," बाई म्हणाल्या. "लाडू घेतले असते तर काही बोलली नसती हो ही पोरं. मासे घेतले ना मी. माशांबरोबर त्यांचे नियम येणारच." आणि त्या इतक्या आनंदात होत्या की चाचणीला पाठवलेल्या प्रश्नाची त्यांना आठवणही राहिली नाही.

चाचणी झाली. पेपर दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांनी तपासले. आमच्या पोरांचं बाकी सगळं ठीक, पण माशांच्या गणितावर सगळ्यांना लाल फुली. बरोबर आलं ते एकट्या गणपतचं, कारण फळ्यावर चाराचे तीन झाले त्या दिवशी तो शाळेत नव्हता. त्याला शाबासकी राहिली बाजूला, शनिवारच्या पंचायतीत पोरांनी त्याला धारेवर धरलं. "जाळ्याचा वाटा खाल्लास तू," जनी म्हणाली. गणपत रडकुंडीला आला.

इथपर्यंत गंमत होती. मग सुरेश आला.

सुरेश जनीचा बाप. कल्याणला एका वर्कशॉपमध्ये कामाला, आसनगावला खोली करून राहायचा, रविवारी पाड्यावर यायचा. पाड्यातला पहिला दहावी पास, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन. त्यानं जनीचा पेपर बघितला आणि त्याचं टाळकं सरकलं. त्यात घरोघर पोरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की आमच्या बाईंना काय विचारलं तर त्या म्हणतात, मला काय ठाऊक, तू सांग. झालं. पाड्याचा निष्कर्ष निघाला की नव्या बाईंना काही येत नाही, म्हणून त्या पोरांनाच विचारतात. किन्हवलीहून इंग्लिश मीडियमची व्हॅन खालच्या रस्त्यापर्यंत येतेच, ती वर पाड्यापर्यंत आणायची असं सुरेशनं ठरवलं. दहाबारा घरं तयार झाली.

त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. तेवढी पोरं गेली तर शाळेचा पट कोसळणार, आमची शाळा बंद करून खालच्या गावातल्या शाळेत मिळवणार, आणि ज्यांना व्हॅन परवडत नाही ती पोरं ओढा ओलांडून खाली जायची नाहीत, घरी बसतील. हे मला पक्कं माहीत होतं, शेजारच्या पाड्यावर मी ते बघितलं होतं. पुढच्या शनिवारी मी बाईंना म्हणालो, "उद्या पालकसभा आहे. उद्या मला काय ठाऊक म्हणायचं नाही. ताठ उभं राहायचं, फळ्यावर मोठा भागाकार घालायचा आणि खाडखाड सोडवून दाखवायचा."

"बरं," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या मला घाबरलेल्या दिसल्या. खडू कानामागून काढून त्या बोटांत फिरवत बसल्या होत्या.

रविवारी व्हरांडा भरला. पुरुष कठड्यावर, बाया खाली, पोरं खिडकीत. सुरेश पेपर घेऊनच उभा राहिला.

"बाई, राग मानू नका. तुमी माणूस चांगल्या. पन चोवीस भागिले सहा, हे तुमाला येतं का नाय, तेवढं सांगा. आमच्या पोरांच्या लाईफचा प्रश्न हाय."

माझ्याकडे बघून बाईंनी मान हलवली, म्हणजे लक्षात आहे. फळ्याकडे गेल्या. खडू उचलला. आणि वळून म्हणाल्या, "सुरेशभाऊ, मला काय ठाऊक? तुम्ही सांगा."

मी कपाळाला हात लावला. बायांमध्ये कुजबुज झाली. बाई पुढे बोलत राहिल्या, "समजा, परवा तुम्ही कोंडीवर गेलात. सहा जण. चोवीस मासे आले. घरी किती आणलेत?"

"जाळं कुनाचं व्हतं?" सुरेश म्हणाला.

तो म्हणाला आणि थांबला. हातातल्या पेपराकडे त्यानं बघितलं. त्याचा म्हातारा बाप, धाकलूबाबा, कठड्यावर बसला होता, तो खुदकन हसला.

बाई हसल्या नाहीत. "जाळं गणपतच्या बाबांचं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि वरच्या घरातली सून बाळंतीण आहे."

"मग तीन," सुरेश म्हणाला. खालच्या आवाजात. मग व्हरांडा असा हसला की खिडकीतलं एक पोर आत पडलं.

पण सुरेशही काही असातसा नव्हता. हसू ओसरल्यावर म्हणाला, "त्ये समदं खरं, बाई. पन कल्यानला जाळ्याला कोन वाटा देत नाय. तिथं चार म्हंजी चार. माझ्या पोरीनं भाईर जाऊन तीन लिवलं तर मार्क माझ्या पोरीचे जातात, तुमचे नाय."

त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि ते सगळ्यांना कळलं होतं. बाईंनी मान खाली घातली. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "प्रश्न मीच पाठवला होता, आणि पोरांनी चूक दाखवल्यावर तो परत मागवायला विसरले. माझंच चुकलं." मग त्या खिडकीकडे वळल्या. "जने, इकडे ये. आता काय करायचं आपण?"

आणि माझी खुर्ची पुन्हा एकदा मधोमध आली. बापासमोर, अख्ख्या पाड्यासमोर जनी तिच्यावर बसली. यावेळी तिनं पाय हलवले नाहीत. जरा विचार केला.

"इचारायचं," ती म्हणाली. "पेपरात जाळं लिवलंय का बघायचं. लिवलं नसंल तर जाळं नाय धरायचं. लिवलं असंल तर धरायचं."

"मी तेच केलं व्हतं!" खिडकीतून गणपत ओरडला. त्या बिचाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं त्या दिवशी उतरलं.

बाईंनी फळ्यावर एक लांबलचक भागाकार घातला. जाळ्याशिवाय एकदा, जाळ्यासकट एकदा. जनीनं दोन्ही केले. मधे एकदा अडली, हातचा विसरली, तेव्हा धाकलूबाबानं काही सांगायला तोंड उघडलं तर सुरेशच त्याला म्हणाला, "तू गप रं बाबा, तिला करू दे." भागाकार संपला. सुरेशनं दोन्ही उत्तरं बोटांवर ताडून बघितली. मग खिशातून फोन काढला, व्हरांड्याच्या टोकाला गेला, जिथं रेंज मिळते, आणि व्हॅनवाल्याला म्हणाला, "यंदा ऱ्हाऊ द्या."

मला इतकं बरं वाटलं की मी सगळ्यांसाठी चहा सांगितला. साखर जास्त घालायला सांगितली.

त्याचा एक परिणाम मात्र आम्ही धरला नव्हता. पुढच्या चाचणीत आमच्या झाडून सगळ्या पोरांचं गणित बरोबर आलं, पण प्रत्येक भागाकाराच्या उत्तराशेजारी, कंसात, त्यांनी लिहिलं होतं: जाळं नाही. पेन्सिली वाटल्या, जाळं नाही. लाडू वाटले, जाळं नाही. पाचशे विटा चार ट्रकमध्ये भरल्या, जाळं नाही. तपासणाऱ्या गुरुजींचा मला फोन आला, की तुमच्या शाळेत हा काय प्रकार आहे? मी म्हणालो, मला काय ठाऊक, पोरांना विचारा. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण काय बोललो.

बाईंची बदली झाली ती त्यांनीच मागितलेली. वडील थकले होते, दुकान बघायला कुणी नव्हतं, धसईजवळची शाळा मिळत होती. नाही म्हणायला जागा नव्हती. शेवटच्या शनिवारी त्यांनी नेहमीसारखं विचारलं, या आठवड्यात माझं काय चुकलं? खुर्चीवरची जनी म्हणाली, "तुमी चाललाव." बाई फळा पुसायला वळल्या. मीही फळीपलीकडे जाऊन हजेरीपट उघडून बसलो, कारण माझ्याच्यानं तिथं बसवेना.

पंचायत मी चालू ठेवली. मी आजही ओरडतो असं पोरांचं म्हणणं आहे, दर शनिवारी कुणीतरी ते माझ्याच खुर्चीत बसून सांगतं. चटईवर गुडघे दुखतात.

यंदा नदी उतरली, कोंडीत जाळं लागलं आणि शनिवारी सकाळी जनी सागाच्या पानांची एक पुडी घेऊन आली. ओल्या पानांना दोरा गुंडाळलेला. आता ती चौथीत आहे, बोलणं आणखी धीट झालंय.

"गुरुजी, ह्यो बाईंचा वाटा."

"बाई कुठं आजारी आहेत?"

"आजारी नाय. पन यायला जमलं नाय ना त्यांना. म्हंजी त्येच."

मी म्हणालो, अगं, धसई किती लांब, मासे तोवर टिकायचे नाहीत. जनीनं वर्गाकडे बघितलं, वर्गानं माझ्याकडे. पंचायतीनं आधीच ठरवलं होतं, मला फक्त कळवत होते. शाळा सुटल्यावर पुडी मोटारसायकलच्या डिकीत घातली आणि किन्हवली, सरळगाव करत निघालो. डिकीला तो वास अजून आहे. बायको रोज बोलून दाखवते.

बाई दुकानात होत्या. शनिवारची दुपार, बाजारचं गिऱ्हाईक, गल्ल्यावर बाई उभ्या आणि उजव्या कानामागे पेन्सिल. वडील आत पोत्याला टेकून बसलेले. मला बघून त्या म्हणाल्या, "अरे, गुरुजी, तुम्ही?" मी पुडी पुढे केली. त्यांनी दोरा सोडला, पान उघडलं. समोर तांदूळ घ्यायला आलेला माणूस थांबून बघत राहिला.

"किती जण होते कोंडीवर?" बाईंनी विचारलं. "जाळं कुणाचं? मासे किती आले एकूण?"

"मला काय ठाऊक?" मी म्हणालो. "तुम्ही सांगा."

त्यांनी पेन्सिल काढली, पानातले मासे मोजायला लागल्या, ओठ हलायला लागले. मग पेन्सिल थांबली. हा वाटा कुठला ते त्यांना कळलं होतं. त्यांनी मोजणं सोडून दिलं, पान तसंच दोन्ही हातांनी उचललं आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा त्या बाजारी आवाजात आत सांगितलं, "बाबा, पाड्यावरून माझा वाटा आलाय."